ताईच्या खांद्याची गादी

मला एक वाईट सवय आहे. समोरच्याच्या अंगावरचं कापड चिमटीत धरून बघायचं. ओळख असो नसो. एकदा दादरला भाजी घेताना शेजारच्या बाईंच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा मी असाच अंगठ्याने दाबून बघितला, आणि त्यांनी वळून असं काही पाहिलं की पुढचे दोन महिने मी दुसऱ्या भाजीवाल्याकडे जात होते. पण खरंच, ते माझं काम आहे. खेळाडूंच्या सामानात जो मऊ भाग असतो, म्हणजे गुडघ्याच्या कॅपमधला, बुटाच्या जिभेमागचा, हेल्मेटच्या आतला, तो कशाचा आणि कसा करायचा हे मी ठरवते. तो मऊ तर हवाच, पण एकदा दबला की तसाच बसून राहायला नको. मार झेलायला हवा, पण आत घामाचं डबकं होता कामा नये. मऊपणा वाढवला की हवा कोंडते, हवा खेळती ठेवली की मार लागतो. बारा वर्षं मी या दोघींची समजूत घालतेय आणि दोघी सवतींसारख्या वागतात.

आमचं ऑफिस लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. माझे वडील याच आवारात साचा चालवायचे असं सांगता आलं असतं तर गोष्ट फार छान जमली असती, पण ते पोस्टात होते. मी सहा वर्षांची असताना ते गेले. आई एका खानावळीत पोळ्या करायला जाऊ लागली आणि मी ताईच्या वाट्याला आले. ताई तेव्हा सोळाची. माझ्या वेण्या, माझा ताप, शाळेतल्या तक्रारी, सगळं तिच्याकडे. घोडपदेवच्या आमच्या चाळीत अजूनही काही म्हाताऱ्या मला 'तिची धाकटी' म्हणूनच ओळखतात. माझं लग्न झालं, मी परळला राहायला गेले, तरी त्यात काही फरक पडलेला नाही.

गणपतीत ताई मला लालबागला न्यायची. गर्दीत मला काही दिसायचं नाही, मग ती मला खांद्यावर घ्यायची. सहा-सात वर्षांची मुलगी काही तान्हं बाळ नसते, आणि मी अंगाने चांगली भरलेली होते. मी तिच्या कपाळावर हात बांधून बसायचे, पाय तिच्या छातीवर लोंबकळत. ती खालून विचारायची, "दिसतंय का?" मी म्हणायचे, दिसतंय. ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहायची. तिला स्वतःला तिथून काय दिसत होतं, हे मी कधी विचारलं नाही.

पुढे चाळीतल्या मुलींनी गोविंदा पथक काढलं तेव्हा ताई पहिल्या थरात गेली. तिला कोणी विचारलंही नसेल, ती आपणहून जाऊन खाली उभी राहिली असणार. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सगळ्यात खालच्या बायका गोल करून उभ्या राहतात, एकमेकींच्या गळ्यात हात गुंफतात. त्यांच्या खांद्यांवर दुसरा थर, त्यांच्या खांद्यांवर तिसरा, असं करत सर्वांत वर एकच जण. तो उभा मनोरा लोक पाहतात, त्याचे फोटो काढतात. पहिल्या थराचा फोटो कोणी काढत नाही. तिथे नुसत्या पाठी दिसतात. ताई वीस वर्षं त्या पाठींमध्ये होती.

तिच्या खांद्यावर दुसऱ्या थरात जी उभी राहते तिला ताई 'माझी वरची' म्हणते. गेली सात-आठ वर्षं ती एकच आहे. आमच्याच चाळीतली, एका लॅबमध्ये रक्त काढायच्या टेबलावर बसते. लहान चणीची, शांत. ताई तिच्याबद्दल बोलायची तेव्हा मला कधीकधी थोडी असूया वाटायची. आता वय वाढलं तरी ती वाटायची ती वाटायचीच.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात ताई माझ्याकडे कोकम घेऊन आली. बरणी वरच्या फळीवर ठेवताना तिने डावा हात उजव्या हाताने धरून वर उचलला. जणू तो हात तिचा नव्हताच, कोणीतरी सांभाळायला दिला होता. मी बघतेय हे लक्षात आल्यावर तिने लगेच बरणीच्या झाकणाबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली. मी तिचं काही ऐकलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात तिला डॉक्टरकडे ओढून नेलं. डॉक्टर म्हणाले, खांद्यातला स्नायूचा पट्टा झिजलाय. वजन अजिबात नको. तुटला तर ऑपरेशन करावं लागेल, आणि ऑपरेशननंतरही हात डोक्याच्या वर जाईलच असं सांगता येणार नाही. ताईने सगळं मान हलवून ऐकलं. खाली आल्यावर म्हणाली, "यंदाचं वर्ष काढते, मग बघू."

मी रस्त्यातच भांडले. ती शांतपणे ऐकत होती. तिच्या जागी जी मुलगी तयार होत होती ती घर बदलून बदलापूरला गेली होती. दुसरी कोणी एका मोसमात तयार होत नाही. "मी नसले तर दोन थर कमी लागतील," ती म्हणाली. मग थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "ऑफिसात मी रजेवर गेले तर तीन दिवस कोणाला कळत नाही गो. इथे माझी जागा आहे."

भांडणात मी तिच्याशी तशीही कधी जिंकलेले नाही. म्हणून मी माझ्याकडे जे होतं ते घेऊन तिच्याकडे गेले. तिच्या खांद्यासाठी गादी करायचं ठरवलं.

एका रविवारी सकाळी मी टेप आणि खडू घेऊन गेले. आई कणीक मळत बसली होती. ताईला मी खिडकीशी बसवलं आणि तिच्या ब्लाउजचा गळा खाली ओढला. इतक्या वर्षांत मी तिचा खांदा असा उजेडात कधी पाहिला नव्हता. मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या खळग्यात दोन्ही बाजूंना घट्टे पडले होते, टाचेला पडतात तसे जाड. बोट ठेवलं तरी तिला ते तिथे कळत नव्हतं. त्याच्याभोवतीची जागा मात्र हुळहुळी होती, तिथे खडू लागला तरी ती आक्रसायची आणि मग गुदगुल्या झाल्याचं सोंग करायची. आई म्हणाली, "दोघींकय याड लागला हा." मी मापं लिहून घेतली आणि लवकर निघाले, कारण मला रडू येत होतं आणि ते मला तिथे नको होतं.

ऑफिसात मी सगळं सोडून त्या गादीच्या मागे लागले. आमच्याकडे एक कापड असतं, वर एक जाळी, खाली एक जाळी आणि दोघींच्या मधे उभे धागे. त्या उभ्या धाग्यांमुळे ते दबतं आणि सोडलं की परत वर येतं, आणि मधून हवा आरपार जाते. लोकांना समजावताना मी घावनाचं उदाहरण देते. जाळी नीट पडलेलं घावन बोटाने दाबून बघा, तसं. स्पंजसारखं ते घाम पीत नाही. खांद्याच्या हाडाच्या टोकाशी मी ते जाड ठेवलं, मानेकडे पातळ केलं, गळपट्टीच्या हाडावर दोन घड्या दिल्या. मग हे सगळं एका घट्ट बनियनमध्ये शिवून घेतलं, म्हणजे ते वरून दिसणार नाही आणि सरकणारही नाही.

सरकण्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. या पथकांना पुढाऱ्यांकडून टी-शर्ट मिळतात, गुळगुळीत कापडाचे, पुढेमागे मोठमोठे फोटो छापलेले. त्या छपाईवर ओला पाय टेकला की घसरतो. ताईच्या पथकाने त्यावर कधीच उपाय शोधला होता. सरावाला सगळ्या टी-शर्ट उलटे घालायच्या आणि हंडीच्या दिवशी नुसतं मागचं छापील चित्र खरवडून यायच्या. देणाऱ्याला पुढून आपला चेहरा दिसला की तो खूश. मी आमच्याकडचं पकड देणाऱ्या बारीक ठिपक्यांचं कापड बनियनला वरून लावलं, म्हणजे टी-शर्ट त्यावर घट्ट बसेल. ओलं, घामट, तेलकट करून, सगळ्या तऱ्हेने ओढून बघितलं, जरा हललं नाही. वजन टाकून बघितलं. धुऊन, पिळून, उन्हात वाळवून परत बघितलं. माझ्या आजवरच्या कामात इतका चांगला रिपोर्ट कशालाच आला नव्हता, आणि मला तो फ्रेम करून लावावासा वाटत होता.

ताईने बनियन घातलं, खांदे गोल फिरवले. "अगं, काही घातल्यासारखं वाटतच नाही," ती म्हणाली. मी त्या दिवशी घरी जाताना उगाच आइस्क्रीम खाल्लं.

गुरुपौर्णिमेला नारळ वाढवून सराव सुरू झाला. दुसऱ्या रविवारी सकाळी चाळीच्या चौकात मी मुद्दाम बघायला गेले. पथकाला शिकवणारे सर म्हणजे आमच्या शाळेतलेच निवृत्त पीटीचे मास्तर. त्यांनी ताईचा खांदा दोन बोटांनी दाबला. "उशी घेऊन थर लावतात का कुठे?" ते म्हणाले. मी त्यांना उभे धागे, हवा, मार वगैरे समजावून सांगितलं. ते फक्त 'बरं' म्हणाले.

तीन थर लागले. मी ताईच्या चेहऱ्याकडे बघत होते. एरवी दुसऱ्या थराचं वजन पडलं की तिचे ओठ आत जातात. त्या दिवशी गेले नाहीत. चक्क हसत होती. वरून तिच्या वरचीचा आवाज आला, "ताई, तू लागत नाहीयेस मला."

"लागायला नकोच मी. त्यासाठीच केलंय माझ्या धाकटीने," ताई खालून म्हणाली. सगळ्या हसल्या आणि मी सर्वांत जास्त.

चौथा थर चढत असताना ते झालं. ताईचा डावा खांदा एकदम खाली गेला. फार नाही, चार बोटं. तिची वरची त्या बाजूला कलली आणि तिच्यावरच्या दोघी तिच्याबरोबर आल्या. भोवतीच्या बायकांनी हात वर धरलेलेच होते, त्यांनी झेललं. कोणाचं डोकं फुटलं नाही, कोणाचं हाड मोडलं नाही. एकीचं कोपर सोललं, ताईचा गुडघा. दोन मिनिटांत सगळ्या उठून अंग झटकत होत्या. मी मात्र नळाच्या कट्ट्यावर तशीच बसून होते.

मी आधी तिच्या वरचीच्या पायांखालचं कापड तपासलं. ठिपके जागच्या जागी होते. तिचा पाय घसरलेला नव्हता. मी ते बनियन सरांना दाखवायला घेऊन गेले. मला वाटत होतं, दोष माझ्या कापडाचा नाही एवढं तरी त्यांनी म्हणावं. सरांनी ते हातात घेतलं, नीट बघितलं आणि परत दिलं. "काम छान आहे तुझं," ते म्हणाले. "पण तिचे पाय आंधळे केलेस बघ."

मी रागाने तरातरा परळपर्यंत चालत गेले. सगळा रस्ता मी मनात त्यांच्याशी वाद घालत होते. पुढाऱ्याच्या फोटोवर चढता ते चालतं, आणि माझी गादी तेवढी खटकते. घरी पोचेपर्यंत राग संपला आणि नुसती भीती राहिली. मी ताईचा हात वाचवायला निघाले होते आणि तिच्या अंगावर तीन बायका पाडून आले होते.

दोन दिवसांनी मी ताईच्या वरचीला तिच्या लॅबमध्ये गाठलं. दुपारची वेळ होती, पेशंट नव्हते. मी तिला सरळ विचारलं, पाय आंधळे केले म्हणजे काय? तिने हातमोजा काढला. बोलायच्या आधी थोडा विचार करायची तिची पद्धत आहे.

"पहिल्या थरातली कोणी बोलत नाही," ती म्हणाली. "तसं ठरलेलंच आहे. खालून आवाज आला की वरच्या घाबरतात. म्हणून कितीही दुखलं तरी ती 'उतरा' म्हणत नाही. ते मी म्हणायचं. आणि मला ते पायांनी कळतं. खांदा वाकायच्या आधी थरथरतो. आधी हळू, मग जास्त. मला अंदाज असतो, आता एवढाच वेळ आहे म्हणून. परवा मला काहीच कळलं नाही. गादीवर उभी होते मी, ताईवर नव्हतेच."

मग ती जरा हसली. "ताईने वीस वर्षांत एकदासुद्धा 'दुखतंय' म्हटलेलं नाही. ती थरथरते फक्त. तेवढंच तिचं बोलणं."

मी बारा वर्षं खेळाडूंसाठी काम करत होते आणि पाय हे माझ्या हिशोबात नुसतं वजन होतं. लोखंडी गोळा टाकून मी ते मोजत होते. गोळ्याला काही कळत नसतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या रविवारी मी पुन्हा चाळीत गेले. आई खानावळीत गेली होती. मी ताईला म्हटलं, मला नक्की कुठे पाय टेकतो, कुठून काय कळतं, ते बघायचंय. तुझ्या वरचीच्या तळव्यांना खडू लावते आणि तुझ्या खांद्यावर ठसे घेते. ताई म्हणाली, "ठसे कशाला? तूच चढ की."

मी नाही म्हटलं. खांद्याची ही अवस्था आणि मी चौतिशीची, वजनाचं तर बोलूच नका. ती भिंतीला टेकून गुडघ्यात वाकली. "माळ्याचा बार धर वरून, सगळं वजन टाकू नकोस. चढ गो, घाबरतेस काय." शेवटी मी स्टुलावर उभी राहिले, माळ्याचा लोखंडी बार दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि अनवाणी पाय तिच्या खांद्यांवर ठेवले. आधी उजवा. मग, अगदी अलगद, डावा.

पायांना समजायला थोडा वेळ लागला. उजवा खांदा गप्प होता. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली, त्या घट्ट्याच्या थोडं पुढे, काहीतरी हलत होतं. चहाला उकळी यायच्या आधी पातेल्यावरचं झाकण हलतं ना, तेवढंच. बाहेरून कोणाला दिसलं नसतं. वजनाचा बराचसा भाग माझ्या हातांवर होता, तरीही ते होतं.

खालून ताई म्हणाली, "दिसतंय का?"

तिने ते सहज विचारलं असेल, खांद्यावर कोणी आलं की विचारायची तिला सवयच होती. मी बार आणखी घट्ट धरला. लालबागच्या त्या गर्दीतही तिचा खांदा असाच थरथरला असणार. सोळा वर्षांची तर होती. मी बसलेले असायचे आणि माझे पाय हवेत असायचे. मला ते कळायला काही जागाच नव्हती.

"दिसतंय," मी म्हटलं आणि खाली उतरले.

त्यानंतर मी ती गादी उसवली. जिथे पायाचा अंगठा आणि त्यामागचा फुगीर भाग टेकतो, तिथे दोन्ही खांद्यांवर मी गादीला भोकं पाडली. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, प्रत्येक बाजूला तीन-तीन. तिथे फक्त एक पातळ कापड ठेवलं, ज्यातून हाताला हात लागल्यासारखं कळतं. घट्ट्यांना गादीची गरजच नव्हती, ते काम ताईच्या कातडीने कधीच करून ठेवलं होतं. हुळहुळी जागा होती त्यांच्याभोवती, तिथे मी जाडी वाढवली. ऑफिसात माझ्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "मॅम, जिथे सगळ्यात जास्त लोड आहे तिथेच होल?" नवा रिपोर्ट अर्थातच आधीपेक्षा वाईट आला. मी त्यावर सही केली.

पथकात ती कशी चालते हे बघायला ताईच्या वरचीला मी बोलावलं. दोन थर लावून ती वर उभी राहिली, डोळे मिटून. मग म्हणाली, "आहे. आता ताई आहे." सरांनी परत दोन बोटांनी दाबून बघितलं, भोकांमधून बोट फिरवलं आणि या वेळी 'बरं' म्हणताना मान हलवली.

जाताना मी ताईच्या वरचीला बाजूला घेऊन म्हटलं, "थोडं जरी कळलं तरी..."

"ते मला सांगायला नको," ती म्हणाली.

हंडीच्या दिवशी मी सकाळपासून पथकाबरोबर होते. ट्रकमधून नायगाव, भोईवाडा, परळ. चार थरांच्या दोन सलाम्या, पाच थरांची एक. सलामी म्हणजे हंडी न फोडता थर लावून दाखवायचे आणि जसे लावले तसे नीट उतरवायचे. पाण्याचे फवारे, ढोल, चिखल. दर सलामीनंतर मी ताईच्या टी-शर्टच्या आत हात घालून बघायचे. पाणी आलेलं असायचं आणि निघूनही गेलेलं असायचं. कापड आपलं काम करत होतं. ताई म्हणायची, "हात काढ, लोक बघतायत."

लालबागला दुपारी सहा थर लावायचे होते. यंदाचं तेच मोठं. सहावा थर म्हणजे सर्वांत वरची मुलगी हंडीला हात लावणार. मी गोलाच्या अगदी जवळ उभी होते. ताईचा चेहरा दोन बायकांच्या हातांमधून थोडासा दिसत होता. दुसरा थर बसला, तिसरा, चौथा. माईकवरचा माणूस ओरडत होता. पाचवा उभा राहिला. सर्वांत वर जाणारी मुलगी पाठींवरून सरसर चढायला लागली. आणखी दहा-बारा सेकंदांचं काम होतं.

तेव्हा ताईच्या वरचीने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. थरात कोणी खाली बघत नाही. मग ती फार मोठ्याने नाही, पण स्पष्ट म्हणाली, "उतरा."

एकीनेही का म्हणून विचारलं नाही. चढणारी मुलगी अर्ध्यावरून वळली. पाचवा थर बसला, चौथा उतरला, तिसरा. जसे लागले तसे उतरले. एकीचाही पाय चुकला नाही. माईकवरच्या माणसाने पाच थरांची शानदार सलामी म्हणून जाहीर केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय माहीत. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण माझे दोन्ही हात तोंडावर होते.

ताई गोलातून बाहेर आली ती सरळ जाऊन एका उभ्या टेम्पोच्या फाळक्यावर बसली. डावा हात मांडीवर पडला होता. तिची वरची तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी धरलं असतं," ताई म्हणाली.

"माहितेय ताई."

"सहा लागले असते."

"माहितेय."

ताईने मान फिरवली. तिचा राग मला ओळखता येतो, आणि तो खरा राग होता. तिची वरची जागची हलली नाही. थोड्या वेळाने ताईने उजवा हात पुढे केला आणि तिच्या चिखलाने भरलेल्या पायांवरून, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, लहान मुलाचे पाय पुसतात तसा फिरवला. मग दोघी रडल्या. मला असूया वाटायला हवी होती, पण नाही वाटली.

त्या दिवशीच्या पुढच्या हंडीला ताई थरात गेली नाही. तिच्या जागी दुसरी उभी राहिली आणि चार थर लागले. ताई बाहेर, सरांच्या शेजारी उभी राहून ओरडत होती. तिला ओरडता येतं हे पथकाला पहिल्यांदाच कळलं.

दिवेलागणीला मी तिला घरी घेऊन आले. आईने शेकायची पिशवी गरम करून दिली. मी ताईचं बनियन धुऊन गॅलरीतल्या दोरीवर टाकलं. वारा होता, ते भराभर वाळत होतं, आणि भोकांमधून समोरच्या चाळीचे दिवे दिसत होते. ताई खाटेवर पाठमोरी बसली. मी तिच्या खांद्यावर पिशवी धरली.

"तुझ्या त्या भोकांनी चुगली केली माझी," ती म्हणाली.

"त्यासाठीच ठेवली होती."

आईने आतून भात वाढू का विचारलं, मी जरा थांब म्हटलं. पिशवी निवत आली तशी मी ती बाजूला ठेवली आणि नुसता तळवा तिच्या खांद्यावर ठेवला. थरथर होती. आता ती लपवत नव्हती.

"दुखतंय गो," ताई म्हणाली.

चौतीस वर्षांत तिच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "कुठे?"

तिने उजव्या हाताने माझा हात धरला, थोडा पुढे सरकवला, आणि बरोबर तिथे नेऊन ठेवला.